दुकानतपासणीचे टिपण आणि त्याचे वाचक

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमेच्या उत्तरेस शिरूर आणि दक्षिणेस दौंड हे दोन तालुके पसरले आहेत. दोन्ही पर्जन्यछायेतील. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावरची मजुरी आणि स्वस्त धान्याचे दुकान हे या भागातील असंख्य कुटुंबांचे आधार होते. पुढे कालवे आले, ऊस आला, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. तरीही गावच्या रास्त भाव दुकानाची गरज सरलेली नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ ची अंमलबजावणी महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. त्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य दिले जाते. दराविषयीची तक्रार त्यामुळे संपली. राहिली ती वजनाची, प्रतीची आणि वेळेची.

केंद्र शासनाच्या २०१५ च्या नियंत्रण आदेशानुसार प्रत्येक रास्त भाव दुकानाची तीन महिन्यांतून किमान एकदा तपासणी झाली पाहिजे. पुरवठा निरीक्षक दुकानात येतो, साठा नोंदवही पाहतो, ई-पॉस यंत्रावरील वाटपाशी ती ताडून पाहतो, पोती मोजतो, वजनकाटा तपासतो, दर्शनी फलकावर साठा आणि वेळा लिहिल्या आहेत की नाहीत हे पाहतो आणि टिपण लिहितो. टिपण एकच असते. ते ज्यांच्या उपयोगी पडावयाचे ते वाचक मात्र निरनिराळे असतात. तहसीलदारास त्यावर निर्णय घ्यावयाचा असतो, दक्षता समितीस प्रश्न विचारावयाचे असतात, ग्रामसभेस आपल्या गावाला किती धान्य मिळाले हे समजून घ्यावयाचे असते आणि दुकानदारास आपले काय चुकले व ते केव्हापर्यंत सुधारावयाचे हे कळावयाचे असते. या सर्वांपुढे एकाच नमुन्यातील कागद ठेवला, तर बहुधा कोणाचेच काम भागत नाही.

१४० किलोंचा प्रश्न

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका दुकानास ४० अंत्योदय कुटुंबे आणि प्राधान्य गटातील १,१०० व्यक्ती जोडलेल्या आहेत. तांदूळ आणि गहू मिळून दरमहाचे नियतन ६९ क्विंटल होते. महिन्याच्या आरंभी ४.२० क्विंटल शिल्लक होती, यंत्रावर ६६.५० क्विंटल वाटप दिसते. म्हणजे दुकानात ६.७० क्विंटल धान्य असावयास हवे. प्रत्यक्षात ५.३० क्विंटल भरले. तूट १.४० क्विंटल.

हीच तूट टक्केवारीत मांडली, तर ती एकूण साठ्याच्या २ टक्क्यांहूनही कमी येते. जिल्ह्याच्या तक्त्यात अशी ओळ कोणाच्या नजरेत भरत नाही. परंतु १४० किलो म्हणजे २८ माणसांचा महिन्याचा शिधा, किंवा ४ अंत्योदय कुटुंबांचे संपूर्ण धान्य. ग्रामसभेत हाच आकडा अशा रीतीने सांगितला की तो समजावून सांगण्यासाठी वेगळे भाषण लागत नाही.

मात्र येथेच सावधगिरीही हवी. ६९ क्विंटल धान्य ५० किलोंच्या १३८ पोत्यांतून येते. गोदामातून येणाऱ्या प्रत्येक पोत्यात एक किलो कमी भरले, तर १३८ किलो तूट दुकानात धान्य पोहोचण्याआधीच झालेली असते. तेव्हा दुकानदार ‘पोतीच कमी भरली होती’ असे म्हणतो, त्यात तथ्य असू शकते; आणि तो केवळ बहाणाही असू शकतो. धान्य उतरवून घेताना पोती वजन करून घेतली होती काय, बारदानाचे वजन वजा केले होते काय, पावतीवर तसा शेरा आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे टिपणात नसतील, तर तहसीलदारापुढील कागद अपुरा राहतो. अपुऱ्या कागदावरून एखाद्याचे प्राधिकारपत्र निलंबित होणे जितके अन्यायाचे, तितकेच २८ माणसांचे धान्य ‘किरकोळ तफावत’ या दोन शब्दांत दडपले जाणेही अन्यायाचे आहे.

म्हणून तहसील कार्यालयासाठीच्या टिपणात आकडा, त्याचा पुरावा, दुकानदाराचा खुलासा आणि कोणत्या अटीचा भंग झाला त्याचा उल्लेख, एवढे पहिल्याच पानावर असावे. ‘दुकान समाधानकारक’ किंवा ‘दप्तर अपूर्ण’ यांसारखे शेरे वर्षानुवर्षे लिहिले जातात. त्यांवरून कोणतीही कारवाई सुचत नाही, हे त्यांचे एकमेव वैशिष्ट्य होय.

साठा तंतोतंत जुळला, तरी वाटप बिनचूक झाले असे ठरत नाही, ही गोष्टही लक्षात ठेवावयास हवी. यंत्रावर ३५ किलो नोंदवून ३३ किलो मापून दिले आणि उरलेले धान्य तपासणीपूर्वीच बाहेर गेले, तर वही, यंत्र आणि पोती यांचा मेळ बरोबर बसतो. हे उघडकीस येते ते शिधापत्रिकाधारकांच्या घरी चौकशी केल्यावर. निरीक्षकाने आठ-दहा घरी जाऊन पावती आणि मिळालेले धान्य यांची विचारपूस केली, तर ती माहिती टिपणात स्वतंत्र लिहावी. सांगणाऱ्यांची नावे मात्र मूळ नस्तीतच राहावीत. ती ग्रामसभेत वाचली गेली, तर पुढच्या खेपेस कोणी तोंड उघडणार नाही.

दक्षता समितीची गरज

अधिनियमाच्या कलम २९ नुसार राज्य, जिल्हा, तालुका आणि दुकान अशा चार स्तरांवर दक्षता समित्या आहेत. उल्लंघन किंवा अपहार आढळल्यास जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी कळविणे हे त्यांचे काम आहे. समितीच्या सदस्यांपुढे एका दुकानाचा एका महिन्याचा आकडा ठेवून फारसे साधत नाही. त्यांना तुलना हवी: हेच दुकान मागील तपासणीत कसे होते आणि शेजारच्या गावांतील दुकाने कशी आहेत.

परंतु तुलनेलाही स्थानिक परिस्थितीची जाण लागते. दौंड आणि शिरूरच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या उतरतात. रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ या बाजूस परप्रांतीय कामगारांची वस्ती आहे. शिधापत्रिकेच्या सुवाह्यतेमुळे, म्हणजे एका गावची पत्रिका दुसऱ्या गावी चालण्याच्या सोयीमुळे, त्यांना येथील दुकानातून धान्य घेता येते. महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत ही आंतरराज्य सोय ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. परिणामी अशा दुकानाचे वाटप मूळ नियतनापेक्षा अधिक दिसू शकते, आणि ज्या गावची माणसे बाहेर गेली तेथील वाटप घटलेले दिसते. तक्त्यात ‘स्थानिक’ आणि ‘बाहेरील’ असे दोन रकाने नसले, तर पहिला दुकानदार विनाकारण संशयित ठरतो आणि दुसऱ्याची खरी तूट हंगामाच्या नावावर खपून जाते. ज्या वृद्धांच्या वा कष्टकरी स्त्रियांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांना धान्य दिले की परत पाठविले, हाही रकाना तेथेच असावा.

ग्रामसभेपुढे

अधिनियमाच्या कलम २८ मध्ये सामाजिक अंकेक्षणाची तरतूद असून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध करावयाचे आहेत. दुकानाचा हिशेब लोकांना वाचता यावा, ही मागणी या भूमीस नवी नाही. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावच्या लोकांनी सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या बाजारपेठेच्या गावी दंगा उसळला. पुढे तो पसरला, तेव्हा लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि हिशेबाच्या कागदांवर होता. शेतकऱ्यास न वाचता येणाऱ्या त्या कागदांनी त्याची जमीन जात होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळण्याच्या तरतुदी आल्या, त्या या अनुभवातूनच.

ग्रामसभेसाठीचा कागद एका पानाहून मोठा नसावा. गावात किती कुटुंबे आणि किती माणसे पात्र, किती धान्य आले, किती वाटले, किती शिल्लक असावयास हवे आणि किती आढळले, एवढ्या गोष्टी किलोत लिहाव्यात. क्विंटल आणि टक्के टाळावेत. तूट सिद्ध झाली नसेल, तर ‘चौकशी चालू’ असे स्पष्ट म्हणावे. कोणावर आरोप करावयाचा हे त्या कागदाचे काम नव्हे. तो मोठ्याने वाचून दाखविला जावा. वाचण्याचे काम गावातील शिक्षकाकडे आले, तर त्याने आदल्या दिवशी कागद पाहून ‘नियतन’, ‘उचल’, ‘आरंभीची शिल्लक’ हे शब्द सोपे करून घ्यावेत. ‘या महिन्यात गावाला मंजूर झालेले धान्य’ असे म्हटले, तर नियतन म्हणजे काय हे कोणी विचारीत नाही.

दुकानदार हा या सर्वांत दुर्लक्षित वाचक. अनेक ठिकाणी दुकान महिला बचत गटाकडे असते. त्यांच्या हाती पडणाऱ्या प्रतीत दोष, तो दूर करण्याची मुदत आणि पुढील तपासणीत काय पाहिले जाईल, हे तीन भाग असावेत. काटा प्रमाणित करून घेणे, फलक रोज बदलणे, पोती उतरविताना वजन करणे आणि कमी भरल्यास पावतीवरच शेरा मारणे, असे नेमके लिहिले तर गटातील कोणीही सदस्य ते पार पाडू शकते. तीन महिन्यांनी निरीक्षक पुन्हा येतो, तेव्हा त्याच्या टिपणाची पहिली ओळ मागील १४० किलोंचे काय झाले याविषयी असली पाहिजे.