दोन टक्के गॅस, अठ्ठ्याण्णव टक्के हवा

घरगुती सिलिंडरवर १४.२ किलो असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून आपल्या डोळ्यांपुढे फक्त वजन येतं. आतला गॅस दाबाखाली द्रवरूप असतो, साधारण २६ लिटर. तोच मोकळा सुटला तर अडीचशे पट फुगतो आणि सुमारे साडेसहा हजार लिटर होतो. देशात घरगुती गॅसच्या जोडण्या ३२ कोटींच्या वर गेल्या आहेत. घरटी एकच सिलिंडर, तोही अर्धा संपलेला, असं धरलं तरी बावीस लाख टन गॅस आपल्या ओट्यांखाली उभा आहे.

या सगळ्या आकड्यांत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती दोन या आकड्याची. हवेत जेमतेम दोन टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. हिशेब करून पाहा. आठ बाय आठचं स्वयंपाकघर, उंची नऊ फूट. आत सोळा हजार लिटरच्या वर हवा मावते. तिचे दोन टक्के म्हणजे सव्वातीनशे लिटर गॅस, वजनात फक्त सातशे ग्रॅम. भरलेल्या सिलिंडरचा विसावा हिस्सा! एका सिलिंडरमध्ये अशा वीस स्वयंपाकघरांना पुरेल एवढा गॅस असतो.

आणि हे सातशे ग्रॅम लागतात तेसुद्धा गॅस खोलीभर सारखा पसरला तर. तो तसा पसरत नाही. हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्याने तो खाली बसतो आणि फरशीलगत सरकत ट्रॉल्यांमागे, मोरीत, दाराच्या फटीतून पुढच्या खोलीत जातो. दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही, तर मोठ्या बर्नरमधून तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस येत राहतो. खिडक्या लावलेल्या असतील, तर फरशीपासून दोन-सव्वादोन फुटांचा थर पेट घेण्याजोगा व्हायला तास-सव्वा तास पुरे. बाजूच्या खोलीत देवापुढे समई तेवत असेल, तर वेगळी ठिणगी पडायचीही गरज नाही.

ठिणगी तरी केवढी हवी? एका जूलचा चार हजारावा भाग. एक ग्रॅमचा शेंगदाणा ताटातून इंचभर वर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच. दिव्याच्या बटणात उडणारी ठिणगी याहून कितीतरी मोठी असते आणि ती बटण बंद करतानाही उडते. फ्रिज तर कोणी हात न लावता आपला आपण चालू होतो. गॅसचा वास आला की चालू दिवा चालू राहू द्यायचा आणि बंद पंखा बंद, असं अग्निशमन दलाचे जवान कळकळीने सांगतात ते यासाठी.

पेट घेतल्यावर काय होतं, तेही आकड्यांत बघण्यासारखं आहे. खोलीतला दाब नेहमीच्या हवेच्या दाबापेक्षा एक दशांशाने जरी वाढला, तरी दर चौरस मीटरवर एक टनाचा रेटा येतो. आठ बाय नऊ फुटांच्या त्या भिंतीवर तो साडेसहा टनांच्या पुढे जातो आणि तोही आडवा. चार इंची विटेच्या भिंतीला असा रेटा सोसत नाही. म्हणूनच अशा कित्येक दुर्घटनांत भिंत कोसळलेली असते आणि सिलिंडर धडधाकट सापडतो. बातमी मात्र ‘सिलिंडरच्या स्फोटा’ची होते. फुटलेली असते ती खोली.

मूळचा गॅस बिनवासाचा. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास आणि त्यासाठी अख्ख्या सिलिंडरमागे मोजके थेंब पुरतात. या थेंबांमागे फार मोठी किंमत आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेखाली नैसर्गिक गॅस साचला होता. वास नसल्याने कोणाला पत्ता लागला नाही. एका यंत्राच्या ठिणगीने तो पेटला आणि जवळपास तीनशे मुलं-शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं कायद्याने बंधनकारक केलं. आज दंडक असा, की पेट घेण्याच्या पातळीच्या एक पंचमांशावर वास स्पष्ट यायला हवा. म्हणजे आपल्या त्या स्वयंपाकघरात दीडशे ग्रॅमच्या आतच. पण थोडा वेळ त्याच वासात राहिलं की नाक सरावतं, झोपेत माणसाला वासाने जाग येईलच असं नाही, आणि वयोमानाने नाकाची शक्ती कमी होते. घरात आजी-आजोबा असतील, तर रात्री रेग्युलेटरची खटकी बंद करण्याचं काम रोज ठरावीक माणसाकडे असू द्या.

नवा सिलिंडर आला की त्याच्या तोंडात डोकावून काळं रबरी वॉशर जागेवर आहे ना ते पाहा. आत दर चौरस सेंटिमीटरला पाच ते सात किलोचा दाब असतो. रेग्युलेटर तो तीस ग्रॅमवर आणतो, म्हणजे जवळपास दोनशे पटींनी कमी. वॉशर फाटलेलं असेल, तर गळती रेग्युलेटरच्या अलीकडेच होते, पूर्ण दाबाने. अशा वेळी रेग्युलेटर काढायचा आणि सिलिंडरला दोरीने बांधलेलं प्लॅस्टिकचं टोपण तोंडावर खटकन बसवायचं. व्हॉल्व्हमधून गॅस येत असला, तरी ते टोपण त्याला अडवतं. मग दारं-खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि १९०६ ला फोन करायचा, घरातून नाही, खाली अंगणात उभं राहून. ते टोपण मध्ये मध्ये येतं म्हणून पुष्कळ घरांत दोरी कापून फेकून दिलेलं असतं. तुमच्या सिलिंडरला ते आहे का, ते आत्ताच बघून या.