बिघडलेल्या पेशी वयात येतात तेव्हा

रक्ताच्या एका कर्करोगात, ‘अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया’त, पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीतच अडकतात आणि रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. इथे 15 आणि 17 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते. त्यातून बनणारे जोडप्रथिन पेशीला पक्व करणारी जनुके दाबून धरते. अ जीवनसत्त्वापासून शरीरातही तयार होणारे रेटिनॉइक आम्ल औषधाच्या मात्रेत दिले, की ही पकड सुटते.

शांघायच्या वांग झेनयी यांच्या गटाने 1988 मध्ये 24 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. 23 जणांचा आजार केवळ याच औषधाने आटोक्यात आला होता. उपचारानंतर पूर्ण वाढलेल्या पेशींतही कधी कधी सूक्ष्मदर्शकाखाली ऑअर कांड्या दिसतात. ही तर कर्कपेशींची खूण! म्हणजे रोगट पेशीच पक्व झाल्या. मला हा पुरावा सर्वांत विलक्षण वाटतो.

जोडीला सोमल, म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, दिले की ते जोडप्रथिनच मोडीत निघते. कमी जोखमीच्या बहुतेक रुग्णांना मग नेहमीची केमोथेरपी लागत नाही. मात्र या उपचारांत ताप, धाप असा गंभीर त्रास उद्भवू शकतो, त्यामुळे ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच हवेत. गाजरे किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाऊन हे साधत नाही.