परदेशातील बिऱ्हाडाचे लाकूडसामान

स्टुटगार्ट येथे भाड्याने घेतलेल्या घराच्या किल्ल्या ज्या सकाळी आमच्या हाती आल्या, त्या सकाळी स्वयंपाकघर म्हणून जी खोली घरमालकांनी आम्हांला दाखवली, तिच्या एका भिंतीतून गरम व थंड पाण्याचे दोन नळ, त्यांच्याखाली सांडपाण्याच्या नळीचे झाकण लावलेले तोंड आणि कोपऱ्यात शेगडीसाठी सोडलेली जाड विजेची तार, एवढेच काय ते बाहेर आलेले होते. ओटा नव्हता, मोरी नव्हती, एक फळी नव्हती, आणि मान वर करून पाहिले तर छतातूनही दिव्याच्या जागी वायरींची उघडी टोके लोंबत होती. घरमालक सज्जन गृहस्थ होते आणि त्यांनी काही लपवलेही नव्हते. ज्या करारनाम्यावर आम्ही सही केली होती, त्यात घर सामानाविना असल्याचे स्वच्छ लिहिलेले होते. मात्र त्या शब्दात ओटासुद्धा येतो, हे पुण्याच्या वाड्यात वाढलेल्या माणसाच्या कल्पनेत बसणारे नव्हते.

या प्रथेमागे कारण आहे. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात, आणि ते आपल्याकडच्यासारखे अकरा महिन्यांच्या करारावर नव्हे, तर वर्षानुवर्षे, पुष्कळदा उभा जन्म एकाच घरात काढतात. त्यामुळे ओटा, कपाटे, दिवे ही भाडेकरूची मिळकत समजली जाते, तो ती स्वतःच्या खर्चाने बसवतो आणि घर सोडताना बहुधा बरोबर घेऊन जातो. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे आटोपशीर स्वयंपाकघर आखले, आणि ज्याला आजच्या सर्व आधुनिक स्वयंपाकघरांचे मूळ मानतात, ते याच देशातले. पण ते घराचाच भाग म्हणून बांधलेले होते, आणि ती पद्धत येथे सर्वत्र रुजली नाही.

मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याविषयी करारही केला. तेव्हा परिचारिका, तंत्रज्ञ, वीजकामगार होऊन या मुलुखात येणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे आमच्यापुढे उभा राहिला तोच प्रश्न उभा राहणार, या जाणिवेने हे लिहीत आहे. त्यांच्या हाती पहिल्या महिन्यात पैसा फार थोडा असतो, कारण मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत अनामत घरमालकाकडे ठेवावी लागते. ही अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरण्याची मुभा कायद्याने भाडेकरूला दिलेली आहे. नवख्यांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि ते सारी रक्कम एकदम भरून गादीवाचून जमिनीवर निजतात.

माझे मत आठ वर्षांच्या अनुभवाने पक्के झालेले आहे. गादी नवी घ्यावी, लाकूड जुने घ्यावे, आणि बाकीच्या सामानाला घराची ओळख पटेपर्यंत वेळ द्यावा.

गादीविषयी आधी सांगतो, कारण तिथे पैसा वाया जाण्याचा संभव मोठा आणि तो टाळणे सोपे आहे. १९६४ साली स्थापन झालेली ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ ही संस्था बाजारातील वस्तू स्वतः विकत आणून, प्रयोगशाळेत तपासून त्यांना गुण देते. २०१५ साली तिच्या परीक्षेत सुमारे दोनशे युरोंची एक गादी हजार-हजार युरोंच्या गाद्यांना मागे टाकून पहिली आली, तेव्हा ‘महाग ते मऊ आणि मऊ ते चांगले’ हा समज पुष्कळांच्या मनातून गेला. तिचे अहवाल शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयांत बहुधा पाहायला मिळतात. पलंगाची मापे येथे ठरलेली असतात, नव्वद, एकशेचाळीस किंवा एकशेऐंशी सेंटिमीटर रुंद आणि दोनशे लांब; गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी लागते आणि ती पुष्कळदा पलंगाच्या किमतीत धरलेली नसते, हे विचारून घ्यावे.

लाकडाची गोष्ट मात्र जरा विस्ताराने सांगायला हवी. दुकानातील स्वस्त कपाट हे लाकडाचे नसते. लाकडाचे तुकडे सरसात कालवून, उष्णतेने व दाबाने त्यांची केलेली ती फळी असते, जिला आपण पार्टिकल बोर्ड म्हणतो. ती जगाला देण्यात माक्स हिमेलहेबर या जर्मन संशोधकाचा मोठा वाटा आहे, आणि जे लाकूड एरवी जाळले गेले असते त्याचे त्याने कपाट करून दाखवले, हे उपकारच होत. सुटे भाग सपाट खोक्यात भरून विकण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावात १७९६ साली जन्मलेल्या मिखाएल थोनेट या कारागिराने बीच लाकडाला वाफेने वाकवून १८५९ मध्ये जी खुर्ची केली, तिचे अवघे सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन चाक्या होत्या, आणि अशा छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावून समुद्रापार जात. स्वीडनमध्ये १९४३ साली सतरा वर्षांच्या इंगव्हार काम्प्रादने काढलेल्या आयकियाने पुढे तेच तत्त्व घरोघर नेले, आणि १९७४ मध्ये म्युनिकजवळ तिचे जर्मनीतील पहिले दुकान उघडले. फरक एवढाच, की थोनेटची खुर्ची सुटी केली तरी सबंध लाकडाचीच होती.

हा फरक मला दुसऱ्या घरात जाताना कळला. पहिल्या महिन्यात एका मोठ्या दुकानातून घेतलेले पांढरे कपाट दोन वर्षांनी आम्ही जपून सुटे केले, नव्या घरी नेले आणि पुन्हा उभे करू लागलो, तो एकेक स्क्रू जागच्या जागी फिरू लागला; भोकांच्या आतला भुसा पिठासारखा बोटांवर येत होता आणि दार बिजागरीसकट हातात आले. पार्टिकल बोर्डाला स्क्रूची पकड एकदाच नीट मिळते. ज्याला चार वर्षांत तीन घरे बदलायची आहेत, त्याने हे कपाट स्वस्त म्हणून घेऊ नये. ज्याला एकाच खोलीत राहायचे आहे, त्याने ते खुशाल घ्यावे, मात्र फॉर्माल्डिहाइडच्या वाफेवर मर्यादा असलेले, शक्य तर १९७८ पासून दिले जाणारे ‘ब्लाउअर एंगेल’ हे निळे चिन्ह असलेले घ्यावे. किमतीच्या चिठ्ठीवरचे तीन शब्दही ओळखावे: ‘मासिव’ म्हणजे सबंध लाकूड, ‘फुर्निर्ट’ म्हणजे वर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, आणि ‘नाखबिल्डुंग’ म्हणजे लाकडाचे छापलेले चित्र.

आता जुन्या लाकडाकडे वळतो. आमच्याच गल्लीत ऐंशी ओलांडलेल्या एक आजीबाई वृद्धाश्रमात राहायला निघाल्या होत्या, आणि त्यांनी जेवणाचे मेज विकायला काढल्याची चिठ्ठी जिन्याच्या दारावर लावलेली होती. किंमत चाळीस युरो. मी मेजाकडे समोरून पाहत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, “साहेब, असे नाही, खाली वाकून पाहा.” मी वाकलो. त्यांनी मेजाचा खण बाहेर काढून माझ्या हाती दिला: त्याचे कोपरे खिळ्यांनी ठोकलेले नव्हते, पंख्यासारख्या पसरट दातांनी एकमेकांत अडकवलेले होते; वरच्या फळीच्या रेषा कडेवरून खंड न पडता खाली वळत होत्या, जे छापलेल्या चित्रात कधी घडत नाही; पाय आडव्या पट्ट्यांत खाच पाडून बसवलेले होते, आणि मी मेज तिरके दाबून पाहिले तेव्हा ते किंचितही हलले नाही. त्यावर लेकरांच्या लेखण्यांचे ओरखडे होते, एका जागी गरम भांड्याचा पांढरा डाग होता. घासकागद आणि जवसाचे तेल, एवढ्यावर ते दोन संध्याकाळी उजळले. याच मेजावर आमची मुलगी आज अभ्यास करते.

असे सामान मिळण्याची ठिकाणे एकाहून अधिक आहेत. एखादे म्हातारे माणूस गेले किंवा आश्रमात गेले की त्याचे सबंध घर रिकामे केले जाते, आणि ‘हाउसहाल्ट्स-आउफल्योझुंग’ या लांबलचक नावाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवणाऱ्याला तिथे ओक व बीचची कपाटे मातीमोलाने मिळतात, कारण जर्मन तरुणांना ती जड वाटतात. कारितास व डियाकोनी या चर्चशी संलग्न सेवासंस्थांची जुन्या सामानाची दुकाने आहेत. नगरपालिकाही मागे नाहीत: हॅम्बुर्गचे ‘श्टिलब्रुख’, म्युनिकचे ‘हाले त्स्वाय’ आणि २०२० मध्ये बर्लिनमध्ये उघडलेले ‘नॉखमाल’ ही शहराच्या कचरा-खात्यांनीच चालवलेली दुकाने आहेत, जिथे फेकले जाणारे सामान निवडून, पुसून, किंमत लावून मांडलेले असते. ‘क्लाइनआनत्साइगेन’ या जाहिरातींच्या पेठेत किमतीपुढे ‘व्हीबी’ ही दोन अक्षरे असली, तर घासाघीस चालेल असा अर्थ. वस्तू पाहिल्याविना पैसे पाठवायला सांगणाऱ्याला मात्र उत्तरही देऊ नये. रस्त्याकडेला काढून ठेवलेल्या अवजड कचऱ्यातून वस्तू उचलण्यापूर्वी मालकाला विचारावे, कारण पुष्कळ ठिकाणी ती पालिकेची मानली जाते. आणि कापडाने मढवलेले आसन किंवा गादी तिथून कधीही घरी आणू नये, ढेकूण एकदा शिरले की जातात फार महागात. सत्तरीच्या दशकातील उग्र वासाचे पार्टिकल बोर्डही नको.

ओट्यासाठी सर्वांत सोपा मार्ग घर पाहायला जातो त्याच दिवशी दिसतो. जाणारा भाडेकरू ओटा मागे ठेवायला पुष्कळदा राजी असतो आणि त्याचा मोबदला मागतो, ज्याला ‘आबल्योझे’ म्हणतात. ही रक्कम वस्तूच्या वास्तविक मूल्याहून डोळ्यांत भरण्याइतकी अधिक असू नये, असा कायदा आहे. म्हणून यंत्रांचे वय विचारावे, मूळ पावत्या मागाव्या आणि व्यवहार कागदावर आणावा.

नव्या सामानाबाबत खरेदीदाराचे हक्क भक्कम आहेत. दोन वर्षांपर्यंत मुळातल्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर असते, आणि २०२२ पासून पहिल्या बारा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळात नव्हता हे सिद्ध करणे त्याच्याच शिरावर आहे. घरबसल्या मागवलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. दुकानात जाऊन घेतलेल्या किंवा मापाने करवून घेतलेल्या वस्तूला ही सवलत नाही. खासगी माणूस जुनी वस्तू विकताना ही सारी जबाबदारी नाकारू शकतो, आणि बहुधा नाकारतोच.

वाहतुकीचा खर्च आधी धरावा, नाहीतर चाळीस युरोंचे मेज दीडशेला पडते. भारतीय वाहन-परवाना येथे रहिवास सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो, तेव्हा भाड्याची गाडी हाकायची असेल तर या मुदतीत हाकावी. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. हिवाळ्यात तिथे ओल धरते आणि बुरशी येते, म्हणून पाच-दहा सेंटिमीटर जागा सोडावी. रविवारी भिंतीला भोके पाडणे शेजारधर्माला आणि नियमालाही धरून नाही.

आणखी एक तजवीज आहे, जी येतानाच मनात ठेवावी. घर सोडण्याची सूचना भाडेकरूने तीन महिने आधी द्यायची असते आणि घर बहुधा जसे मिळाले तसेच, रिकामे करून, झाडून परत द्यावे लागते. शेवटच्या आठवड्यात जागे झालेले लोक चांगली कपाटे पैसे देऊन कचऱ्यात पाठवतात. सूचनेच्या पत्रावर सही कराल, त्याच दिवशी सामानाची यादी करून आपल्या गावच्या मराठी मंडळात कळवा. येणाऱ्या विमानातून कोणीतरी दोन बॅगा घेऊन उतरत असते, आणि त्याच्या स्वयंपाकघरात त्या वेळी दोन नळ आणि एक तार एवढेच असते.