मोठ्या आतड्याचा शल्यचिकित्सक

केंपेगौडाने १५३७ साली बंगळूर वसविले. त्याच्या घराण्याचे ठाणे येलहंका होते. आज ते महानगराचे उत्तरेकडील उपनगर झाले आहे. अशा उपनगरातील रुग्णालयाच्या पाटीवर 'कोलोरेक्टल सर्जन' ही अक्षरे वाचून मूळव्याधीचा रोगी बिचकतो. एवढ्याशा अवयवासाठी निराळा वैद्य कशाला, असे त्यास वाटते.

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब असते. त्याचा अखेरचा, सुमारे पंधरा सेंटिमीटरांचा भाग म्हणजे गुदाशय. तो ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद कोंदणात बसलेला असून मूत्राशय व जननेंद्रिये यांकडे जाणारे बारीक मज्जातंतू त्यास लगटून जातात. त्याच्या तळाशी मलाचा वेग रोखणारे स्नायूंचे वलय आहे. ते दुखावले, तर मनुष्य रोगमुक्त होऊनही चारचौघांत बसण्यास कचरतो. भगंदराची नळी उघडताना या वलयाचा किती भाग छेदावयाचा व किती राखावयाचा, हा निर्णय या शल्यचिकित्सकाच्या शिक्षणाचा गाभा होय.

असे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. सुश्रुतसंहितेत मूळव्याधीवर औषध, क्षार, अग्नी व शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. तपासणीसाठी गाईच्या आचळाच्या आकाराचे यंत्रही वर्णिले आहे. शिष्याने आधी कोहळा, दुध्या भोपळा, काकडी यांवर छेदनाचा सराव करावा, असा तिचा दंडक आहे. हा पाठ हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

आज भारतात एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षे, एक वर्ष आंतरवासिता आणि एम.एस.ची तीन वर्षे झाल्यावरच या शाखेचे दार उघडते. पुढे कोणी पचनसंस्थेच्या शल्यचिकित्सेची एम.सीएच. ही तीन वर्षांची पदवी घेतात, तर कोणी जाणत्या शल्यचिकित्सकाच्या हाताखाली उमेदवारी करतात. केवळ या अवयवांच्या रोगांसाठी लंडन येथे सेंट मार्क्स रुग्णालयाची स्थापना १८३५ मध्येच झाली होती.

इतकी वर्षे का लागतात, हे कर्करोगाच्या उदाहरणावरून कळते. अर्नेस्ट माइल्स या इंग्रज शल्यचिकित्सकाने केवळ खालच्या वाटेने शस्त्रक्रिया केलेल्या ५७ रोग्यांपैकी ५४ जणांना रोग पुन्हा जडला. म्हणून १९०८ मध्ये त्याने पोटातून व खालून अशा दोन्ही वाटांनी गुदाशय गुदद्वारासह काढण्याची रीत प्रसिद्ध केली. जीव वाचू लागले. पण मलासाठी पोटावर कायमचे तोंड करावे लागे. १९८२ मध्ये बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन न फाटू देता अखंड काढण्यावर भर दिला. ही रीत काळजीपूर्वक साधली, तर रोग उलटण्याचा धोका घटतो आणि अनेकांचे स्नायूंचे वलयही वाचते. मात्र त्या वेष्टनाचा पापुद्रा ओळखण्याची नजर पुस्तकातून लाभत नाही.

तरीही काहींच्या पोटावर तोंड करणे टळत नाही. त्यांच्याकरिता शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच जागा आखली जाते. रोग्यास निजवून, बसवून व उभे करून पाहतात; धोतराची गाठ वा साडीच्या निऱ्या कोठे येतात तेही विचारतात, आणि मगच शाईची खूण करतात.