मूल सांभाळा, मुलाचें घरही सांभाळा

दारिद्र्य हा कांहीं अपराध नव्हे; मग निर्धन आईबापांस अपत्यवियोगाची शिक्षा कां व्हावी? ख्रिस्ती मंडळ्यांनीं चालविलेल्या बालकगृहांचा विचार करितांना हा प्रश्न आमच्यापुढें प्रथम उभा राहतो.

या मंडळ्यांची कामगिरी नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. इ. स. १७८० मध्यें इंग्लंडांतील ग्लॉस्टर शहरीं रॉबर्ट रेक्स यांनीं, सहा दिवस मजुरीस जुंपलेल्या मुलांसाठीं रविवारची शाळा काढिली. आपल्याकडे १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून त्यांस पुणें जिल्ह्यांतील केडगांवीं आश्रय दिला. त्यापूर्वीं त्यांच्या शारदासदनावर धर्मांतराच्या प्रश्नावरून केवढें वादळ उठलें होतें, हें आम्ही विसरलों नाहीं. पण उपाशी मुलींस उचलून आणणारे हात फार थोडे होते, हेंही विसरतां येत नाहीं.

तथापि दुष्काळांतला उपाय सर्वकाळ जशाचा तसा चालत नाहीं. तेव्हां घरच मोडलें होतें; आज पुष्कळ मुलांची आई किंवा बाप हयात असतां केवळ पोट भरेना म्हणून मूल संस्थेच्या दारीं येतें. आपला २०१५ चा बालन्याय कायदा स्पष्ट सांगतो कीं, मुलास संस्थेंत ठेवणें हा अखेरचा उपाय होय. मुलास घरापासून तोडण्यास दारिद्र्य हें एकटें कारण पुरेसें नाहीं, हें तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेंही २००९ मध्यें मान्य केलें आहे.

मग चर्चनें काय करावें? रविवारीं भरणारें सभागृह सोमवारीं कुलुपांत कां असावें? कामावर गेलेल्या आईचीं मुलें तेथें दुपारीं जेवतील, अभ्यास करतील व संध्याकाळीं आपल्या घरीं जातील. एकाद्या विधवेचें घरभाडें मंडळीनें वर्षभर उचललें, तर तिचीं लेंकरें तिच्याजवळच राहतील. बाप व्यसनी असेल तर त्याच्या उपचाराची सोय करावी. कायद्यानें देऊं केलेल्या प्रायोजकत्वाच्या साह्यासाठीं अर्ज लिहून देणें, हीही सेवाच होय.

यांत दोन अटी आम्ही अनिवार्य समजतों. एक, घासाच्या बदल्यांत श्रद्धा मागूं नये. अजाण मुलापाशीं तर मुळींच नाहीं. दुसरी, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें कळतांच पोलिसांस कळवावें. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानें तें प्रत्येकाचें कर्तव्य आहे. संस्थेच्या अब्रूसाठीं मौन धरणें हा गुन्हा आहे, मग तो करणारा धर्मगुरु कां असेना.

आमच्या व्यापारी बंधूंसही एक विनंति. वाढदिवशीं अनाथगृहांत मिठाई वाटणें सोपें आहे. तोच पैसा एका घराची चूल पेटती ठेवण्यास द्यावा. आणि चर्चला हा उपदेश करितांना आपल्या देवळांचीं व धर्मशाळांचीं कुलुपेंही आपण तपासून पाहावीं. मुलाच्या भुकेला धर्म नसतो. ती भागविण्याचें कर्तव्य मात्र प्रत्येक धर्माचें आहे.