ऊस, उजनी आणि वर्षातली 53 मिनिटं

मोबाइल टॉवरवरची गोल डिश तुमच्या फोनशी बोलतच नाही. ती बोलते पुढच्या टॉवरशी. गावातले सगळे कॉल, रील्स, ऊसबिलाचे मेसेज पुढे पोचवणारी ही वाट म्हणजे बॅकहॉल. केबल नसेल तिथे ती हवेतून जाते आणि डिश चढवण्याआधी संगणकावर तिचं सिम्युलेशन चालवून बघतात. बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीसाठी हे सिम्युलेशन मांडायला बसलं की खरी गंमत कळते.

बारामती-इंदापूर पडलं पर्जन्यछायेत, मग पावसाची धास्ती कशाला? कारण डिशला वर्षाची सरासरी कळत नाही, सरीचा जोर कळतो. हिशेबात धरतात वर्षातला 0.01 टक्के वेळ, म्हणजे सगळ्यात झोडपणारी साधारण 53 मिनिटं. परतीचा पाऊस तेवढी सहज देतो. 80 गिगाहर्ट्झची लहर पावणेचार मिलिमीटरची, जवळजवळ थेंबाएवढी. तासाला 50 मिलिमीटर जोराचा पाऊस असेल, तर किलोमीटरभरात सिग्नलचा शंभरातला जेमतेम सव्वा भाग उरतो! 7 गिगाहर्ट्झवर त्याच पावसात 86 भाग उरतात. तरी 80 हवीच, कारण डेटाला मोकळं रान तिथेच आहे.

60 गिगाहर्ट्झला तर पाऊसही लागत नाही, हवेतला ऑक्सिजनच लहर गिळतो. अशा मिलिमीटर लहरींवर जगदीशचंद्र बोस यांनी 1890च्या दशकातच कोलकात्यात प्रयोग केले होते.

पावसाबरोबर हिशेबात लागते वाटेतल्या जमिनीची उंची. ती संगणकाला बहुधा अवकाशातून मिळते. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एंडेव्हर’ यानाने 11 दिवस रडार फिरवून ती मोजली. त्यानंतर वाढलेली झाडं, उठलेले बंगले त्यात कुठून येणार? आणि नुसती नजर पोचून भागत नाही. 10 किलोमीटरच्या वाटेवर 15 गिगाहर्ट्झची लहर मध्यावर सुमारे 7 मीटर त्रिज्येची जागा व्यापते. तुरा आलेला ऊसही मग मोजावा लागतो.

सगळ्यात अवघड उजनी धरणाचा फुगवटा. थेट आलेली लहर आणि पाण्यावरून उसळलेली लहर उलट्या तालात भेटल्या, की एकमेकींना मारतात. त्यात पाणी कधी तुडुंब, तर कधी इतकं ओसरलेलं, की पळसदेवचं पळसनाथ मंदिर उघडं पडतं. पातळी हलली की गणित हललं. इलाज साधा, एकाच टॉवरवर वर-खाली दोन डिश.

हेच गणित उलटं फिरवलं, तर सिग्नल किती पडला यावरून पाऊस मोजता येतो. इस्रायलच्या संशोधकांनी 2006 मध्ये ते दाखवून दिलं. बारामतीजवळच्या माळेगावला दुष्काळासारख्या ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. मोबाइल कंपन्यांनी इथल्या डिशच्या नोंदी तिच्या हाती द्याव्यात.