पंचेचाळीस की साडेचव्वेचाळीस?

औंधला यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागतं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेली रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प पाहायला लोक लांबून येतात. समजा, तिथे दिवसाला सरासरी 36 गट येतात. आकडा फक्त हिशेबापुरता. मग एखाद्या दिवशी 45 किंवा त्याहून जास्त गट येण्याची शक्यता किती?

मोजायचे गटच, माणसं नव्हेत. एका गाडीतून उतरलेली पाच माणसं ठरवून एकत्र आलेली असतात. अशा मोजणीतल्या शक्यता सांगणारं पॉइसाँचं वितरण लागू पडतं ते एकमेकींवर अवलंबून नसलेल्या आणि ठरावीक सरासरीने घडणाऱ्या घटनांना.

नेमकं उत्तर हवं तर 0 ते 44 गटांच्या शक्यता एकेक काढून त्यांची बेरीज 1 मधून वजा करायची. त्यात 36 चे अवाढव्य घात आणि क्रमगुणितं. हाताने करणं जिवावर येतं. पण दिवसभराची संख्या म्हणजे कितीतरी छोट्या वेळांतल्या संख्यांची बेरीज, आणि अशा स्वतंत्र संख्यांची बेरीज घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्राकडे झुकते. म्हणून तो वक्र वापरता येतो.

पॉइसाँमध्ये प्रचरण, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचं माप, सरासरीइतकंच असतं. इथे ते 36, म्हणून प्रमाण विचलन त्याचं वर्गमूळ, 6.

आता खरी मेख. गट पूर्णांकांत येतात, वक्र मात्र अखंड असतो. आलेखात 45 चा स्तंभ 44.5 पासून 45.5 पर्यंत पसरतो. वक्राखालचं क्षेत्र 45 पासून मोजलं तर या स्तंभाचा डावा अर्धा भाग सुटतो. म्हणून सुरुवात 44.5 पासून करायची. 44.5 वजा 36 म्हणजे 8.5, भागिले 6, साधारण 1.42. प्रसामान्य वक्राच्या कोष्टकात त्याच्या डावीकडचं क्षेत्र 0.922, म्हणजे उजवीकडे 0.078 उरतं. शंभर दिवसांत साधारण आठ दिवस.

पॉइसाँचं नेमकं उत्तर सुमारे 0.082 येतं. अर्धा सोडला असता तर 0.067 हाती लागलं असतं. एवढ्याशा अर्ध्याने केवढा फरक पडतो! उरलेली तफावत पॉइसाँच्या उजव्या, किंचित लांब शेपटीमुळे. सरासरी वाढेल तशी ही तफावत कमी होते. सरासरी 4 असेल तर मात्र सरळ पॉइसाँच वापरावं.

यात्रेच्या किंवा शाळांच्या सहलींच्या दिवसांना हा हिशेब लावू नये. तेव्हा बसमागून बस येते, आणि सरासरीही 36 राहत नाही. त्या दिवसांची नोंद वेगळी ठेवावी.